संशयित बोलता कसा होतो?

खुनाच्या तपासाचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते. कोंदट खोली, संशयिताच्या तोंडावर रोखलेला झगझगीत दिवा, टेबलावर आदळलेली मूठ आणि अखेर धीर खचून ‘होय, मीच केले’ असे म्हणत कोसळणारा गुन्हेगार. रहस्यकथांनी आणि चित्रपटांनी हे चित्र मनावर इतके ठसवले आहे की, चौकशी म्हणजे दोन इच्छाशक्तींची झुंज आणि कबुली म्हणजे दुबळ्याची शरणागती, असाच सर्वसाधारण समज होऊन बसला आहे. परंतु खुनाचे अवघड तपास ज्यांनी तडीस नेले, अशा अधिकाऱ्यांची प्रत्यक्ष कार्यपद्धती पाहिली तर वेगळेच दृश्य दिसते. तेथे आवाज चढत नाही, धमकी दिली जात नाही. दोन माणसे समोरासमोर बसून तासन्‌तास बोलत असतात आणि त्यांतील एकजण बहुतेक वेळ ऐकतच असतो.

येथे एक कोडे उभे राहते. खुनाच्या आरोपाखाली ज्याला आयुष्यभर तुरुंगात राहावे लागण्याचा संभव आहे, त्याला बोलण्यात लाभ तो कोणता? मौन पाळण्याचा हक्क कायद्यानेच त्याला दिलेला असतो. वकीलही तोच सल्ला देतो, आणि स्वार्थही तेच सांगतो. असे असूनही संशयित बोलतात. कित्येकदा सर्व काही सांगून मोकळे होतात. हे का घडते, याचे उत्तर ‘विश्वास’ या एका शब्दात सापडते. मात्र हा विश्वास म्हणजे मैत्री नव्हे. समोरचा अधिकारी आपला हितचिंतक आहे, असे संशयिताला वाटण्याची आवश्यकता नसते. त्याला तीन गोष्टींची खात्री पटावी लागते: हा मनुष्य आपले म्हणणे पूर्ण ऐकून घेईल, हा आपल्याशी खोटे बोलणार नाही, आणि आपण काहीही सांगितले तरी तो आपल्याला माणूस म्हणूनच वागवील. या तीन गोष्टी जेथे असतात, तेथे बोलणे शक्य होते.

याचे एक सुप्रसिद्ध उदाहरण कॅनडातील आहे. २०१० सालच्या जानेवारीअखेर ऑन्टॅरिओ प्रांतातील बेलव्हिल गावाजवळून एक तरुणी आपल्या घरातून नाहीशी झाली. घरालगतच्या शेतात पोलिसांना मोटारीच्या चाकांचे ठसे आढळले आणि घराच्या मागील बाजूस बुटांचे ठसे मिळाले. ४ फेब्रुवारीला पोलिसांनी त्याच रस्त्यावर नाकेबंदी करून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांची चाके तपासली. एका गाडीची चाके त्या ठशांशी जुळली. गाडी चालवणारा मनुष्य कोण असावा? ट्रेन्टन येथील मोठ्या लष्करी विमानतळाचा प्रमुख, कर्नल रसेल विल्यम्स. राणी एलिझाबेथ यांच्यासारख्यांना घेऊन जाणारी विमाने ज्याने चालवली, ज्याच्या चारित्र्यावर कधी डाग पडलेला नव्हता, असा हा अधिकारी होता.

७ फेब्रुवारीला, रविवारी दुपारी, विल्यम्सला ओटावा येथील पोलीस मुख्यालयात बोलावण्यात आले. त्याच्यासमोर बसले होते प्रांतिक पोलीस दलाचे डिटेक्टिव्ह सार्जंट जिम स्मायथ. त्यांनी प्रारंभी कोणताही आरोप केला नाही. संभाषण ध्वनिचित्रमुद्रित होत आहे, अटक झालेली नाही, वाटेल तेव्हा उठून जाता येईल आणि हवे तेव्हा वकिलाला दूरध्वनी करता येईल, हे त्यांनी सावकाश समजावून सांगितले. ज्या गुन्ह्यांविषयी बोलायचे ते कोणते, हेही सांगितले. मग त्या गुन्ह्यांच्या दिवशी आपण कोठे होता, काय करीत होता, असे साधे प्रश्न सुरू झाले. विल्यम्स उत्तरे देत गेला. स्मायथ ऐकत गेले. संशयाच्या वर्तुळातून आपले नाव दूर करण्यासाठी आपण काय देऊ शकाल, असे विचारले तेव्हा विल्यम्सने बोटांचे ठसे, शारीरिक नमुना आणि बुटांचे ठसे द्यायचे मान्य केले. त्याच्या पायांत त्या दिवशी तेच बूट होते.

पुढचा भाग अभ्यासकांनी पुनःपुन्हा पाहिला आहे. काही वेळाने स्मायथ यांनी गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या ठशाचे छायाचित्र आणि नुकताच घेतलेला बुटाचा ठसा शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही एकच होते. पाठोपाठ चाकांच्या ठशांचा पुरावा आला. विल्यम्सच्या दोन्ही घरांची झडती त्याच क्षणी चालू आहे, हेही सांगण्यात आले. आवाज मात्र तोच, शांत. स्मायथ बोलत आणि थांबत. थांबले की शांतता तशीच राहू देत. विल्यम्सच्या तोंडून शब्द निघेनात. पुष्कळ वेळाने तो जे बोलला ते स्वतःच्या शिक्षेविषयी नव्हते. आपल्या पत्नीवर याचा आघात होईल, तो कसा कमी करता येईल, ही त्याची चिंता होती. स्मायथ यांनी त्यावर कोणतेही खोटे आश्वासन दिले नाही. सत्य सांगणे, एवढाच मार्ग त्यांनी दाखवला. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास, ती मुलगी कोठे आहे, असे त्यांनी विचारले आणि विल्यम्सने नकाशा मागितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दाखवलेल्या जागी त्या तरुणीचा मृतदेह मिळाला. चौकशी एकंदर सुमारे दहा तास चालली. ऑक्टोबर २०१० मध्ये विल्यम्सने दोन खून, दोन लैंगिक अत्याचार आणि प्रयत्न धरून ८२ घरफोड्या यांचे गुन्हे न्यायालयात मान्य केले, आणि २५ वर्षे पॅरोलची संधी नसलेली जन्मठेप त्याला झाली.

या चौकशीचे पृथक्करण केले तर तिच्यातील घटक स्पष्ट दिसतात. पहिला घटक पूर्वतयारीचा. स्मायथ खोलीत शिरले तेव्हा कोणत्या दिवशी काय घडले, कोणता पुरावा हाती आहे आणि कोणता येणार आहे, याची संपूर्ण माहिती त्यांच्यापाशी होती. ज्या अधिकाऱ्याला कागद चाळीत प्रश्न शोधावे लागतात, त्याच्यावर संशयिताचा विश्वास बसत नाही. आणि ज्याची तयारी अपुरी असते, त्यालाच आवाज चढवावा लागतो.

दुसरा घटक स्पष्टतेचा. अनिश्चितता ही भीतीची जननी आहे. पुढे काय होणार, आपले हक्क कोणते, आपण येथे का आहोत, हे ज्याला ठाऊक असते तो काहीसा स्थिर होतो. हक्क समजावून देणे ही पुष्कळ अधिकाऱ्यांना केवळ एक कटकटीची औपचारिकता वाटते. वस्तुतः विश्वासाचा पहिला दगड तेथेच बसतो, कारण स्वतःच्या गैरसोयीची गोष्ट जो आपण होऊन सांगतो, त्याच्या पुढच्या शब्दालाही वजन येते.

तिसरा घटक ऐकण्याचा. ‘तुम्ही रात्री दहा वाजता तेथे होता की नव्हता?’ या प्रश्नाला ‘नव्हतो’ एवढेच उत्तर येते आणि दार बंद होते. उलट, ‘त्या दिवशी सकाळपासून काय काय घडले ते सांगा’ असे म्हटले म्हणजे माणसाला बोलावेच लागते. त्याला मध्ये न तोडता बोलू दिले तर निरपराध्याचे आणि अपराध्याचे, दोघांचेही, वृत्त बाहेर येते. निरपराध्याच्या वृत्तात पडताळून पाहता येतील असे तपशील असतात आणि त्यांमुळे त्याची सुटका लवकर होते. अपराध्याच्या वृत्तात पुराव्याशी न जुळणाऱ्या गोष्टी येतात. म्हणजे हीच एक पद्धत दोघांनाही न्याय देते, आणि तिचा मोठा गुण हाच आहे.

चौथा घटक पुराव्याच्या वेळेचा. पुरावा प्रारंभीच समोर टाकला तर संशयित त्याला साजेशी हकिगत रचतो. आधी त्याचे म्हणणे पूर्ण घेऊन मग एकेक पुरावा शांतपणे पुढे ठेवला तर रचलेल्या हकिगतीला आधार उरत नाही. स्वीडनमधील गोटेबोर्ग विद्यापीठात पेर आंदर्स ग्रानहाग आणि मारिया हार्टविग या मानसशास्त्रज्ञांनी या पद्धतीचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला आहे. त्यात एक अट मात्र अटळ आहे: दाखवलेला पुरावा खरा असला पाहिजे. पुरावा खोटा आहे असे एकदा उघड झाले की, त्या खोलीत पुन्हा विश्वास निर्माण होत नाही.

येथवर वाचून कोणाला वाटेल की, हा केवळ गोड बोलून माणसाला फसवण्याचा प्रकार आहे. ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर देण्यासाठी विश्वासाचे सोंग कसे असते तेही पाहिले पाहिजे. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात लिंकन नावाचे शहर आहे. डिसेंबर १९५५ मध्ये तेथील नगरपालिकेच्या वृक्षविभागातील एका तरुण अधिकाऱ्याच्या पत्नीचा खून झाला. संशय पतीवर आला आणि चौकशीसाठी शिकागोहून जॉन रीड यांना पाचारण करण्यात आले. रीड हे असत्यशोधक यंत्राचे नावाजलेले तज्ज्ञ होते. त्यांनी त्या शोकाकुल तरुणाशी मोठ्या सहानुभूतीच्या सुरात तासन्‌तास संभाषण केले. परंतु त्याचे नाकारणे मात्र कानांआड केले. पती-पत्नींत बेबनाव असला पाहिजे आणि त्यातूनच हे घडले असले पाहिजे, अशी कथा त्यांनीच त्याच्यापुढे उभी केली. थकलेल्या तरुणाने अखेर ती मान्य केली. दुसऱ्याच दिवशी त्याने कबुली मागे घेतली. तथापि त्याला जन्मठेप झाली. दुसऱ्या एका खुनासाठी देहान्ताची शिक्षा झालेल्या मनुष्याने हा खून आपण केल्याचे स्वतःच्या वकिलांना सांगून ठेवले होते. त्याच्या मृत्यूनंतर, १९८८ साली, ते जगापुढे आले. २०१२ मध्ये राज्याने त्या वृक्षाधिकाऱ्याची क्षमा मागितली आणि पाच लाख डॉलरची भरपाई दिली. दरम्यान रीड यांच्या नावाने ओळखली जाणारी चौकशीपद्धती अमेरिकेतील असंख्य पोलिसांनी आत्मसात केलेली होती.

ओटावा आणि लिंकन या दोन्ही खोल्यांत आवाज शांत होता, वागणूक सौम्य होती. मग भेद कोठे आहे? ओटावात अधिकाऱ्याने संशयिताकडून माहिती घेतली. लिंकनमध्ये अधिकाऱ्याने संशयिताला कथा दिली. ओटावातील कबुलीत पोलिसांना ठाऊक नसलेली गोष्ट, म्हणजे मृतदेहाची जागा, संशयिताच्या तोंडून आली. ती पडताळता आली आणि खरी ठरली. लिंकनमधील कबुली म्हणजे रीड यांच्याच शब्दांचा प्रतिध्वनी होता. खऱ्या विश्वासाची ओळख हीच: तो संशयिताचे शब्द बाहेर आणतो, स्वतःचे शब्द त्याच्या तोंडी घालीत नाही.

‘गुन्हेगार आपल्याला चेहऱ्यावरूनच कळतो’ अशी जी भावना अनुभवी अधिकाऱ्यांच्याही मनात घर करून असते, तीच या संकटाचे मूळ आहे. नजर चुकवणे, घाम येणे, हात चोळणे यांवरून असत्य ओळखता येते, असा समज सर्वत्र आहे. चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो या संशोधकांनी २००६ साली असंख्य प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा सत्य-असत्याचा निवाडा करताना माणसे शंभरांत सुमारे ५४ वेळा बरोबर ठरतात, असे आढळले. नाणे उडवून निर्णय घेतला तरी पन्नास वेळा तो बरोबर येतोच. तेव्हा चेहरा पाहून दोष ठरवणारा आणि मग कबुलीच्या मागे लागणारा अधिकारी वस्तुतः एका नाण्यावर माणसाचे आयुष्य लावीत असतो.

याच्या अगदी विरुद्ध टोकाची घटना वेल्समधील कार्डिफ शहरात घडली. फेब्रुवारी १९८८ मध्ये तेथे एका तरुणीचा निर्घृण खून झाला. एका संशयिताची पाच दिवसांत मिळून सुमारे तेरा तास चौकशी झाली. त्याने तीनशेहून अधिक वेळा ‘मी नव्हतो’ असे सांगितले. अधिकारी ओरडत राहिले, तेच ते प्रश्न विचारीत राहिले. वकील खोलीत असूनही त्याने हस्तक्षेप केला नाही. अखेर तो माणूस मोडला. तिघांना जन्मठेप झाली. डिसेंबर १९९२ मध्ये अपील न्यायालयाने ध्वनिमुद्रिका ऐकल्या आणि सरन्यायाधीश लॉर्ड टेलर यांनी, शारीरिक मारहाण वगळता याहून अधिक दहशतीची वागणूक कल्पिता येत नाही, अशा आशयाचे कठोर ताशेरे ओढून तिघांनाही मुक्त केले. त्या ध्वनिमुद्रिका नसत्या तर न्यायाधीशांना काय ऐकता आले असते? इंग्लंडमध्ये १९८४ च्या पोलीस व फौजदारी पुरावा कायद्याने ध्वनिमुद्रणाची वाट मोकळी केली होती, म्हणूनच हे अन्यायाचे स्वरूप उघडकीस आले.

अशा अनेक प्रकरणांनी हादरलेल्या इंग्लंडने १९९० नंतरच्या काळात चौकशीची पद्धतच बदलली. १९९२-९३ पासून तेथील पोलिसांना जी नवी शिकवण देण्यात आली तिचे नाव पाच इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘पीस’ असे पडले. योगायोगाने त्या शब्दाचा अर्थही शांती असाच आहे. पूर्वतयारी, परिचय करून घेणे व कार्यपद्धती समजावणे, संशयिताचे वृत्त घेऊन त्यातील संदिग्ध भाग स्पष्ट करून घेणे व विसंगतींबद्दल प्रश्न विचारणे, नीटपणे समारोप करणे, आणि शेवटी स्वतःच्या कामाचे मूल्यमापन, अशा तिच्या पाच पायऱ्या आहेत. ‘कबुली मिळवणे’ हे उद्दिष्ट तिच्यात नाही. ‘विश्वसनीय माहिती मिळवणे’ हे आहे. दिसायला हा शब्दांचा फेर आहे, परंतु त्याने अधिकाऱ्याची सारी वृत्ती पालटते. कबुली हवी असलेल्याला नकार हा अडथळा वाटतो. माहिती हवी असलेल्याला नकारही माहितीच असतो.

ही शिकवण पुढे नॉर्वेसह अनेक देशांनी आपापल्या परीने स्वीकारली. स्वीडनमध्ये उल्फ होल्मबर्ग आणि स्वेन-ओके क्रिस्तियान्सन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खून व लैंगिक अत्याचार यांसाठी दोषी ठरलेल्या पुरुषांनाच, तुमची चौकशी कशी झाली, असे विचारले होते. ज्यांना माणुसकीने वागवण्यात आले त्यांच्यात गुन्हा मान्य करण्याकडे कल अधिक दिसला. ज्यांच्यावर वर्चस्व गाजवण्यात आले त्यांच्यात नाकारण्याकडे. अपमानित मनुष्य आपल्या उरल्यासुरल्या मानाचे रक्षण मौनाने करतो. त्याला मान मिळाला तर मौनाची गरज कमी होते.

भारतात या प्रश्नाला आणखी एक पैलू आहे. आपल्या पुरावा कायद्याने १८७२ पासूनच पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली न्यायालयात अग्राह्य ठरवली आहे, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २३ व्या कलमात तेच तत्त्व कायम आहे. ग्राह्य धरला जातो तो एवढाच भाग, ज्याच्या आधारे एखादी वस्तू वा वस्तुस्थिती प्रत्यक्ष सापडते: लपवलेले शस्त्र, पुरलेले प्रेत. कबुली नोंदवायची तर ती न्यायदंडाधिकाऱ्यापुढे, आणि ‘ती देण्याचे तुमच्यावर बंधन नाही’ असे आधी बजावूनच. राज्यघटनेच्या २० व्या अनुच्छेदाने स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती निषिद्ध ठरवली आहे. १९७८ साली नंदिनी सत्पथी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे संरक्षण पोलीस चौकशीतही लागू असल्याचे सांगितले, आणि २०२० साली पोलीस ठाण्यांत चित्रमुद्रणाची यंत्रणा बसवण्याचा आदेश दिला. म्हणजे आपल्या कायद्याचा गाभा असा की, पोलिसाने कबुलीच्या मागे न लागता पडताळून पाहता येईल अशा वस्तुस्थितीच्या मागे लागावे. ज्या पद्धतीकडे इंग्लंड पुष्कळ ठोकरा खाऊन वळले, तिची दिशा आपल्या कायद्याच्या पुस्तकात दीड शतकापूर्वीच छापलेली आहे. पुस्तकातून ती ठाण्याच्या खोलीत उतरवणे, हे प्रशिक्षणाचे आणि देखरेखीचे काम आहे.

संशयिताशी सौजन्याने वागावे हे तत्त्व कित्येकांना रुचत नाही. खुन्याला कसला मान, असा त्यांचा प्रश्न असतो, आणि मृताच्या आप्तांच्या दुःखापुढे तो क्षणभर पटतोही. परंतु त्या आप्तांचे हित नेमके कशात आहे, हे या दोन शहरांच्या इतिहासातून पाहावे. ओटावातील शांत संभाषणामुळे एका आईला आपल्या मुलीचा देह दुसऱ्याच दिवशी मिळाला. कार्डिफमधील आरडाओरड्यानंतर तीन निरपराध माणसे तुरुंगात गेली आणि खरा खुनी मोकळा राहिला. रक्ताच्या सूक्ष्म अंशांवरून त्याचा माग लागून त्याने न्यायालयात गुन्हा मान्य केला तो २००३ साली. तोवर पंधरा वर्षे तो लोकांत उजळ माथ्याने वावरत होता.